अर्ज आधी यंत्र वाचते

(बेंगळुरू येथे भरलेल्या मराठी भाषिक रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या कौटुंबिक मेळाव्यात एका निवृत्त सॉर्टरने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पगार, पेन्शन आणि बदल्या या विषयांवर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारी मंडळी इथे बसली आहेत. चिटणीसांनी मला वेगळा विषय दिला आहे. आपल्या घरातली शिकलेली मुले नोकरीसाठी या शहरात येतात, महिनोन् महिने अर्ज करतात आणि त्यांना साधा नकारही कळवला जात नाही. असे का होते आणि त्यावर आपल्या हातात काय आहे, एवढेच मी सांगणार आहे.

मी सारी नोकरी आर. एम. एस. मध्ये सॉर्टर म्हणून केली. संगणकाचे शिक्षण मला नाही. पण माझी थोरली मुलगी इथे एका कंपनीच्या भरती विभागात आहे. आलेले अर्ज पडद्यावर पाहणे हे तिचे रोजचे काम. आज जे बोलणार आहे ते बरेचसे तिच्याकडून ऐकलेले आणि उरलेले माझ्या पुतण्याला लागलेल्या ठेचांतून शिकलेले आहे.

त्रेचाळीस कोरे कागद

पुतण्या आय. टी. आय. फिटर. रेल्वेच्या कारखान्यात त्याने १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली उमेदवारी पुरी केली. उमेदवारी पुरी झाली म्हणजे रेल्वेत नोकरी मिळालीच असे नाही, हे आपण सारे जाणतो. याच प्रश्नावर २० मार्च २०१८ रोजी मुंबईत माटुंगा आणि दादर यांच्या दरम्यान उमेदवार मुले रुळांवर बसली होती. त्यांच्यासाठी भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत, पण मुले जास्त आणि जागा कमी. तेव्हा उरलेल्यांनी करायचे काय? माझा पुतण्या उद्यान एक्सप्रेसने इकडे आला. पीण्या, बोम्मसंद्र, होसूर या बाजूंना कारखाने आहेत, फिटरला काम मिळेल, असा त्याचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता.

तीन महिन्यांत त्याने त्रेचाळीस अर्ज पाठवले. एकाचेही उत्तर नाही. मुलगा खचला. रात्री जेवताना म्हणाला, "काका, माझ्या शिक्षणात काही अर्थ नसावा. एकानेही बोलावले नाही."

माझ्या मुलीने त्याचा बायोडेटा मागितला. गावाकडच्या डी. टी. पी. सेंटरमधून करून आणलेला, दिसायला लग्नपत्रिकेसारखा देखणा. डाव्या बाजूला निळा पट्टा, त्यात फोटो, फोन नंबर वर एका चौकटीत, आणि कौशल्यांपुढे पाचपैकी चार-चार तारे. मुलीने संगणकावर त्यातला सगळा मजकूर उचलून नोटपॅडवर टाकायचा प्रयत्न केला. एक अक्षर उमटले नाही. डी. टी. पी. वाल्याने कोरलड्रॉमध्ये पान रचले होते आणि छपाईत फाँट बदलू नये म्हणून सगळी अक्षरे कर्व्ह करून टाकली होती. म्हणजे डोळ्यांना अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी ते नुसते चित्र. पत्रिका छापायला ही पद्धत योग्यच आहे. त्या माणसाचा त्यात दोष नाही, त्याला आम्ही कामच तसले सांगितले होते.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे ताई, मी त्रेचाळीस कोरे कागद पाठवले म्हणायचे."

बंधूंनो, या पोराने तीन महिने स्वतःला नालायक समजण्यात घालवले. दोष त्याच्या हातात नव्हता, कागदात होता. आज मला हा विषय बोलावासा वाटला तो एवढ्यासाठीच.

हे आपलेच काम आहे

हे यंत्र म्हणजे काय? इंग्रजीत त्याला ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम म्हणतात, थोडक्यात ए. टी. एस. टपालातल्या माणसाला ते समजायला जड जाऊ नये, कारण ते आपल्याच सॉर्टिंगचे भावंड आहे.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिन कोड सुरू झाला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित, आपले मराठी गृहस्थ. एकाच नावाची गावे अनेक, पत्ते नाना भाषांत आणि नाना हस्ताक्षरांत लिहिलेले. त्यावर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिल्या तीन आकड्यांत पत्र कोणत्या सॉर्टिंग जिल्ह्यात जायचे ते कळते आणि शेवटच्या तीन आकड्यांत वाटपाचे पोस्ट कळते. ४११ दिसले की पुणे, ५६० दिसले की बेंगळुरू. सॉर्टरला पत्रातला मजकूर वाचावा लागत नाही, पाठवणाऱ्याच्या भावना समजून घ्याव्या लागत नाहीत. ठरलेल्या जागी ठरलेली खूण हवी, एवढेच.

ए. टी. एस. नेमके तेच करते. अर्ज आला की त्यातला मजकूर ते सुटा करते आणि खणाखणांत टाकते. नाव एका खणात, फोन दुसऱ्यात, शिक्षण तिसऱ्यात, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कुठे काम केले ते चौथ्यात, येत असलेली कामे पाचव्यात. पुढे भरती विभागातला माणूस शोध घेतो. "फिटर", "प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स", "बेंगळुरू" असे शब्द टाकले की ज्यांच्या खणांत ते शब्द सापडतात ते अर्ज वर येतात. काही यंत्रे जाहिरातीशी अर्ज ताडून क्रमही लावतात. शेकडो अर्जांतून माणूस वरचे थोडे पाहतो आणि बाकीचे तसेच पडून राहतात. ज्याचा मजकूर खणांत पोचलाच नाही, तो अर्ज कोणी नाकारत नाही आणि कोणी वाचतही नाही. आपल्याकडे बिनपत्त्याचे पाकीट जसे कुठल्याच बीटला लागत नाही, तसे.

इथे एक गैरसमज दूर करतो. "पंच्याहत्तर टक्के अर्ज यंत्रच फेकून देते" असा आकडा सर्रास सांगितला जातो आणि त्या भीतीवर महागडे बायोडेटा विकले जातात. त्या आकड्यामागे धड अभ्यास नाही. यंत्र आपणहून सरळ नकार देते ते बहुधा एकाच जागी, आणि ती जागा म्हणजे अर्जासोबत भरायचा फॉर्म. "परवाना आहे का", "रात्रपाळी चालेल का", "किती वर्षांचा अनुभव", "किती दिवसांत रुजू व्हाल" असे प्रश्न त्यात असतात. तिथे घाईत चुकीच्या चौकटीत टिचकी पडली, तर बायोडेटा कितीही चांगला असो, अर्ज तिथेच थांबतो. फॉर्म शांतपणे भरा आणि पाठवण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवायला सांगा.

काय करावे

आता कामाच्या गोष्टी सांगतो. तरुण मंडळींनी लिहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, कागद साधा ठेवा. एकच रकाना, वरून खाली सरळ मजकूर. तक्ते नकोत, चौकटी नकोत, तारे नकोत. काही नवी यंत्रे दोन रकाने वाचतात, पण आपला अर्ज कोणत्या यंत्रापुढे पडणार ते आपल्याला ठाऊक नसते. नाव, फोन आणि ई-मेल पानाच्या मुख्य मजकुरातच लिहा. वरच्या किंवा खालच्या समासातल्या हेडर-फुटरमध्ये टाकलेला मजकूर पुष्कळ यंत्रे सोडून देतात, आणि मग अर्ज पसंत पडूनही फोन कुठे करायचा ते कळत नाही.

दुसरी गोष्ट, फाइल वर्डमध्ये टाइप करा आणि तीच किंवा तिची पी. डी. एफ. पाठवा. जाहिरातीत प्रकार सांगितला असेल तर तोच. मोबाइलने कागदाचा फोटो काढून त्याची पी. डी. एफ. करू नका. पाठवण्यापूर्वी नोटपॅडची परीक्षा घ्या. सगळा मजकूर उचला, नोटपॅडवर टाका. अक्षरे नीट आणि ओळीने दिसली तर यंत्रालाही दिसतील. या परीक्षेला पैसा लागत नाही.

तिसरी गोष्ट, मथळे सर्वांना ठाऊक असलेले ठेवा. शिक्षण, अनुभव, कौशल्ये, प्रमाणपत्रे, यांचे जे सरळ इंग्रजी शब्द आहेत तेच. "माझा जीवनप्रवास" असल्या मथळ्याखाली अनुभव लिहिला तर तो कुठल्या खणात टाकायचा ते यंत्राला कळणार नाही. महिना आणि साल प्रत्येक ठिकाणी एकाच पद्धतीने लिहा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. आपल्या खात्याची भाषा बाहेर चालत नाही. पुतण्याने लिहिले होते, "पी. ओ. एच. सेक्शनमध्ये काम केले." रेल्वेतल्या कोणालाही कळेल की हे पीरिऑडिकल ओव्हरहॉलिंग. पण पीण्यातल्या कारखान्याचा माणूस पी. ओ. एच. शोधणारच नाही. तो शोधतो "प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स", "बेअरिंग रिप्लेसमेंट", "न्यूमॅटिक". पोराने डब्यांच्या एअर ब्रेकवर काम केले होते. एअर ब्रेक म्हणजे दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रणा, म्हणजे न्यूमॅटिकच की! काम केलेले होते, हात काळे झालेले होते, फक्त शब्द लिहिलेला नव्हता. मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि ड्रॉइंग वाचणे त्याला येत होते. तेही लिहिले नव्हते, कारण "ते तर सगळ्यांनाच येते" असे त्याला वाटत होते.

टपालातही तेच. ग्रामीण डाक सेवकाचे काम करणारी मुलगी लिहिते, "शाखा डाकघरात काम." तिने रोकड सांभाळलेली असते, हिशेब जुळवलेले असतात, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते उघडताना माणसाची ओळख पडताळलेली असते. बँकेच्या आणि वित्तसंस्थांच्या जाहिरातींत यालाच कॅश हँडलिंग, केवायसी, कस्टमर ऑनबोर्डिंग म्हणतात. मेल ऑफिसात कंत्राटावर पार्सल हाताळणाऱ्या मुलाचे काम बाहेर डिस्पॅच आणि लॉजिस्टिक्स या नावाने ओळखले जाते.

म्हणून जाहिरात पुढे ठेवा. तिच्यातल्या कामांच्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढा. त्यांतले जे काम आपण खरोखर केले आहे, ते त्याच शब्दांत लिहा. संक्षेप आणि पूर्ण नाव दोन्ही लिहा, म्हणजे आय. टी. आय. ही आणि इंडस्ट्रियल ट्रेनिंग इन्स्टिट्यूटही. कोण कोणत्या शब्दाने शोधेल याचा नेम नाही. कामाला आकडा जोडा. किती जणांच्या गँगमध्ये होता, रोज किती पार्सले हाताळली, कोणत्या यंत्रांवर काम केले. यंत्रानंतर वाचणारा माणूसच असतो आणि त्याला आकड्यातून अंदाज येतो.

पाचवी गोष्ट, प्रत्येक जाहिरातीसाठी अर्जात बदल करा. एकच अर्ज चाळीस ठिकाणी पाठवण्यापेक्षा दहा ठिकाणी नीट बदलून पाठवणे बरे. नोकरी डॉट कॉमसारख्या ठिकाणी नाव घातले असेल तर ते पान अधूनमधून ताजे करा, कारण शोधणारा माणूस अलीकडे हालचाल असलेली नावे आधी पाहतो. केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल जुलै २०१५ पासून आहे. तिथे नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

आणि बायोडेटावरून वडिलांचे नाव, जात, उंची, वैवाहिक स्थिती आणि वरचे "श्री गणेशाय नमः" काढून टाका. गणपतीला घरातून नमस्कार करावा. हा मजकूर सोयरिकीसाठी ठीक आहे, कारखान्याला त्याचे काम नाही.

काय करू नये

खोटे लिहू नका. काही हुशार लोक सल्ला देतात की जाहिरातीतले सगळे शब्द पांढऱ्या रंगात पानाच्या तळाशी टाकावेत, म्हणजे माणसाला दिसत नाहीत आणि यंत्राला दिसतात. पण यंत्र मजकूर सुटा करते तेव्हा ते शब्द भरतीवाल्याच्या पडद्यावर काळ्या अक्षरांत उमटतात. माझी मुलगी असे अर्ज पाहते आणि तिथल्या तिथे बाजूला ठेवते. अनुभवाची वर्षे वाढवून लिहिणेही अंगाशी येते. भविष्य निर्वाह निधीच्या यू. ए. एन. क्रमांकाखाली कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत कुठे नोकरी होती याची नोंद असते आणि कंपन्या ती पडताळतात.

आणि पैसे देऊ नका. "तुमचा अर्ज यंत्रातून पास करून देतो", "रजिस्ट्रेशन फी भरा, लगेच नेमणूकपत्र देतो" असे फोन येतात. खोट्या नेमणूकपत्रांनी रेल्वेच्याही दारात किती मुले रडताना आपण पाहिली आहेत! नोकरी देणारा कामगाराकडून पैसे मागत नाही, ही खूणगाठ बांधून ठेवा.

यंत्र चुकते तेव्हा

इथपर्यंत मी आपल्या चुका सांगितल्या. पण सगळा दोष अर्जदाराचा आहे असे म्हणून मी खाली बसलो तर तो अन्याय होईल.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने एक बातमी दिली. ॲमेझॉन कंपनीने अर्ज जोखणारे एक यंत्र तयार करायला घेतले होते. त्याला आधीच्या दहा वर्षांतले अर्ज शिकवले होते आणि त्यांत पुरुष जास्त. यंत्र तेच शिकले. अर्जात "महिला" या अर्थाचा शब्द, उदाहरणार्थ महिला बुद्धिबळ मंडळाची कर्णधार, असा दिसला की ते गुण कमी करी. शेवटी कंपनीने ते मोडीत काढले. २०२१ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांचा अहवाल आला. त्यात ८८ टक्के मालकांनी मान्य केले की जाहिरातीच्या अटींशी अक्षरशः न जुळल्यामुळे कामाला योग्य असलेली माणसे यंत्राकडून वगळली जातात. नोकरीत सहा महिन्यांहून अधिक खंड असेल तर निम्म्याच्या आसपास कंपन्या अर्ज गाळतात, असेही त्यात दिसले. बाळंतपणासाठी थांबलेली बाई, आजारी बापाची सेवा केलेला मुलगा, बंद पडलेल्या गिरणीतला कामगार हे सगळे त्या चाळणीत येतात. खंड असेल तर तो लपवू नका. एका ओळीत साल आणि कारण लिहा, त्या काळात काही शिकला असाल तर तेही लिहा.

अमेरिकेत २०२३ मध्ये एका अर्जदाराने वर्कडे या सॉफ्टवेअर कंपनीवर दावा लावला. शंभराहून अधिक ठिकाणी त्याला नकार मिळाला आणि त्यात वय, वर्ण आणि अपंगत्व पाहून भेदभाव झाला, असे त्याचे म्हणणे. कंपनीला ते मान्य नाही. मे २०२५ मध्ये न्यायालयाने चाळीस वर्षे व त्यापुढील अर्जदारांना एकत्र येऊन वयाचा प्रश्न लढवण्यास प्राथमिक परवानगी दिली. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा यंत्रांची दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून तपासणी सक्तीची आहे. युरोपच्या २०२४ च्या कायद्याने नोकरभरतीची यंत्रे जोखमीच्या वर्गात घातली आहेत.

आपल्याकडे काय? आपल्याकडचा अनुभव तर आपल्याच खात्यातला आहे. रेल्वेच्या २०१९ च्या लेव्हल एक भरतीला १ लाख ३ हजार ७६९ जागांसाठी सुमारे १ कोटी १५ लाख अर्ज आले. त्यांतले सुमारे ४ लाख ८५ हजार अर्ज फोटो किंवा सही नियमाप्रमाणे नाही म्हणून बाद झाले. मुलांनी निवेदने दिली, दाद मागितली. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये रेल्वे भरती मंडळाने फोटो आणि सही पुन्हा चढवण्याची एक संधी दिली. एकेका मुलाने घरात बसून नशिबाला बोल लावला असता तर ती खिडकी उघडली नसती. बाद का झालो हे कळणे आणि चूक सुधारायला एक संधी मिळणे, या दोन मागण्या न्याय्य आहेत. सरकारी भरतीत जे मिळवता आले ते खासगी भरतीत मागायलाही संघटनांनी लाजू नये.

शाखांना विनंती

आता पुतण्याचे काय झाले ते सांगून संपवतो. त्याचा अर्ज आम्ही नव्याने लिहिला, एका पानाचा, काळ्या अक्षरांत. पुढच्या सोळा अर्जांना चार फोन आले. दोन ठिकाणी मुलाखत झाली. एका ठिकाणी काम मिळाले, पण ते कंत्राटावर. नीट लिहिलेल्या अर्जाने जागा निर्माण होत नाहीत आणि कंत्राट कायम होत नाही. ते काम वेगळे आहे आणि ते संघटनेलाच करावे लागेल. अर्जाने एवढेच होते की माणूस माणसासमोर जाऊन बसतो. आपल्या मुलांना तिथपर्यंत पोचवले तर पुढचे ती बघतील, एवढी त्यांच्या हातात कला आहे.

माझी शाखांना एक विनंती आहे. प्रत्येक शाखेच्या कचेरीत संगणक आहे. महिन्यातून एक संध्याकाळ तो कामगारांच्या मुलांसाठी मोकळा ठेवा. ज्याला इंग्रजी येते त्याने शब्द सुचवावेत, ज्याला खात्याचे काम ठाऊक आहे त्याने मुलाला खोदून विचारावे, "अरे, तू नेमके काय केलेस ते सांग." त्या संध्याकाळी नोटपॅडची परीक्षा घेतल्याशिवाय एकही अर्ज बाहेर जाऊ देऊ नका.

आम्ही सॉर्टर लोक पत्ता अर्धवट असलेले पाकीटही सहसा टाकून देत नसू. चार जणांना दाखवू, कोणीतरी गाव ओळखी, आणि पत्र पोचे. यंत्र चार जणांना विचारत नाही. म्हणून ते विचारणे आता पाकीट टाकण्यापूर्वी, आपल्या घरात आणि आपल्या शाखेत व्हायला हवे.